वेतन, सेवालाभ आणि प्राध्यापकांचे समाधान: प्रश्नावलीत काय विचारावे?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

नमस्कार. सोलापुरातील अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांचे वेतन, सेवालाभ आणि कार्यसमाधान यांचा परस्परसंबंध हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या द्विघटक सिद्धान्तानुसार वेतन अपुरे असेल तर असमाधान वाढते. परंतु ते पुरेसे असले म्हणजे समाधान लाभतेच, असे नाही. प्राथमिक चर्चेत मात्र बहुतेक जण आधी पगाराविषयीच बोलले. प्रश्नावली कशी आखावी, याविषयी मार्गदर्शन व्हावे.

उत्तर १ (वाणिज्य विभाग, कायम सेवेत)

मॅडम, केवळ पगाराचा आकडा विचारून फारसे हाती लागणार नाही. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि ते कोणत्याही अनुदानित महाविद्यालयात तेवढेच असते. खरी तफावत निवृत्तिवेतनात आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्या सहकाऱ्याला जुनी पेन्शन आहे, तर त्यानंतर आलेल्याच्या पगारातून दरमहा अंशदान कापले जाते. दोघे तोच अभ्यासक्रम शिकवतात, तेच पेपर तपासतात. शिवाय कॅसची, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेची, फाइल रखडली की माणूस जितका खचतो, तितका पगार थोडा कमी असल्याने खचत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

उत्तर २ (तासिका तत्त्वावरील प्राध्यापिका)

आपल्या नमुन्यात आमचा समावेश आहे का, हे कृपया स्पष्ट करावे. त्याच अनुदानित महाविद्यालयात, त्याच स्टाफरूममध्ये आम्हीही बसतो. आम्हाला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, त्यामुळे सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची, म्हणजे यात्रेची, सुट्टी कायम शिक्षकांसाठी भरपगारी असते आणि आमच्या देयकातून मात्र तेवढे तास वजा होतात. देयक तयार होते, सह्या होतात, त्रुटी निघून परत येते आणि कित्येक महिन्यांनी रक्कम एकदम जमा होते. तोवर घरभाडे उसनवारीवर भागवावे लागते. प्रसूती रजा, वैद्यकीय प्रतिपूर्ती, ग्रॅच्युइटी यांविषयीचे रकाने आम्ही कोरेच ठेवणार. तरीही वर्गात शिकवण्याचा आनंद मला मनापासून मिळतो, म्हणून अध्यापनाविषयीचे समाधान आणि सेवाशर्तींविषयीचे समाधान कृपा करून स्वतंत्रपणे विचारा.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापक, संख्याशास्त्र)

वरील मॅडमचे म्हणणे संशोधनपद्धतीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. कायम आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक एकाच सारणीत घातले, तर वेतन व समाधान यांचा सहसंबंध भरघोस दिसेल, पण तो बहुतांशी दोन गटांतील अंतरातून आलेला असेल आणि प्रत्येक गटाच्या आत कदाचित नगण्य निघेल. म्हणून दोन्ही गटांचे विश्लेषण वेगळे करावे. हर्झबर्ग यांच्या जोडीला जे. स्टेसी ॲडम्स यांचा समन्यायाचा सिद्धान्तही घ्यावा, कारण माणूस आपले श्रम आणि मोबदला शेजारच्या माणसाच्या श्रमांशी व मोबदल्याशी ताडून पाहतो, हे येथे स्पष्ट दिसते. त्यासाठी 'आपण स्वतःच्या वेतनाची तुलना कोणाशी करता?' आणि 'गेल्या वर्षी मानधन किती महिने उशिराने मिळाले?' हे दोन प्रश्न अवश्य घालावेत. प्रश्नावली प्राचार्यांमार्फत मात्र वाटू नका. नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची असते तेव्हा तासिका तत्त्वावरील शिक्षक मोकळेपणाने लिहिणार नाहीत.