ढोलकीवादक दिराचं मानधन आणि कानाचा त्रास – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा दीर ढोलकी वाजवतो. लावणीचे शो, ऑर्केस्ट्रा आणि मधूनमधून रेकॉर्डिंग, यावरच त्याचं पोट आहे. गेल्या वर्षी एका निर्मात्याने गाण्यासाठी त्याला स्टुडिओत बोलावलं. तीन हजार रुपये रोख दिले, कागद काहीच केला नाही. गाण्याच्या सुरुवातीचा ढोलकीचा तुकडा त्याने स्वतः बसवलेला, आणि आज लोक रील्सना नेमका तोच लावतात. यूट्यूबवर गाण्याखाली ड्रोन उडवणाऱ्याचंसुद्धा नाव आहे, ह्याचं नाही. विचारलं तर उत्तर आलं, "ठरले तेवढे दिले की."

मला हे अजिबात पटत नाही. वाचून जे कळलं ते असं: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८-अ मध्ये सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी कलाकाराला रॉयल्टीचा हक्क आहे, आणि ३८-ब मध्ये कलाकार म्हणून आपलं नाव लागावं अशी मागणी करण्याचा. हा सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. कायद्यातल्या 'सादरकर्ता' ह्या व्याख्येत वादकही येतो. गायकांनी २०१३ मध्ये सुरू केलेली 'इस्रा' ही कलाकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आता 'इसामरा' म्हणून वादकांनाही सामावून घेते.

माझा प्रश्न असा की हातात लेखी करार नसताना सुरुवात कुठून करायची? रेकॉर्डिंगच्या दिवशीचे व्हॉट्सॲप मेसेज आणि स्टुडिओतला एक व्हिडिओ आहे, तो पुरावा म्हणून चालेल का? 'इसामरा'चं सभासदत्व घेतलेलं कुणी वादक इथे असेल तर काय काय कागद लागले ते सांगा. आधी नोटीस पाठवावी की नुसतं नाव लावण्याची मागणी करावी? नोटीस गेली तर पुढच्या सुपाऱ्या बंद होतील ही त्याची भीती आहे, आणि ती खोटी नाही. ह्या धंद्यात सगळं ओळखीवर चालतं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. स्टेजवर मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) त्याच्या उजव्या कानाशी असतो. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून तीन-तीन तास वाजवतो, आणि घरी आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजत राहते म्हणतो. हल्ली टीव्हीचा आवाजही वाढवायला लागलाय. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं! वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घालून ढोलकीचा घुमारा नीट कळतो का? पुण्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, चांगली कुठे होते? कापूस घालून तो वाजवत नाही, ताल चुकतो म्हणतो.

येत्या सोमवारी निर्मात्याशी बोलायचं ठरलंय. त्याआधी कुणी मार्गदर्शन केलं तर फार बरं होईल.