एटीजीएल अँटिबॉडी, अलेक्सा फ्लुओर ४८८: सगळी पेशीच हिरवी दिसते

मेदपेशी_३: ३टी३-एल१ (उंदराच्या मेदपेशी) मधल्या चरबीच्या थेंबांवर एटीजीएल, म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम, बघायचंय. पेशी जागच्या जागी पक्क्या करायला ४% पीएफए १५ मिनिटं, मग अँटिबॉडी आत शिरावी म्हणून थंड मिथेनॉल. ४८८ (हिरवा चमकणारा रंग) जोडलेली, एटीजीएलला चिकटणारी अँटिबॉडी १:१०० पातळ करून, रात्रभर ४ अंशांवर. थेंबांसाठी बॉडिपी ४९३/५०३ हा चरबीचा रंग. थेंब विस्कटतात, कडा कुठेच दिसत नाहीत. काय चुकतंय?

हिस्टो_पुणे: आधी मिथेनॉल बंद करा, ते चरबीच धुऊन नेतं. पेशीच्या पडद्याला छिद्रं पाडायला ०.१% सॅपोनिन वापरा. त्याची छिद्रं टिकत नाहीत, म्हणून ब्लॉकिंगपासून (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणूनची पायरी) अँटिबॉडीनंतरच्या धुण्यापर्यंत प्रत्येक बफरमध्ये ते हवंच. लोक नेमकं धुताना साधं पीबीएस (सॅपोनिन नसलेला खारट बफर) घेतात आणि मग अँटिबॉडीला दोष देतात.

कॉन्फोकल_दादा: आणि बॉडिपी ४९३/५०३ तर ४८८ च्याच चॅनेलमध्ये उजळतो! तुमचा हिरवा बहुधा त्याचाच. थेंबांना लिपिडटॉक्स डीप रेड हा गडद लाल रंग लावा. नाईल रेड हा दुसरा चरबीचा रंग नको, त्याच्या प्रकाशाचा पट्टा फार पसरट. तुलनेसाठी एक स्लाइड रंगाविना, एक ४८८ जोडलेल्या आयसोटाइपची (त्याच प्रकारची, पण एटीजीएलला न चिकटणारी अँटिबॉडी), तीही त्याच मायक्रोग्रॅममध्ये.

मेदपेशी_३: सिग्नल मुळातच फिका असेल तर?

हिस्टो_पुणे: थेट जोडलेल्या अँटिबॉडीला दुय्यम अँटिबॉडीचं (पहिलीवर चिकटून उजेड वाढवणारी) बळ नसतं, फिका येणारच. १:५० करून बघा, एक्स्पोजर वाढवलंत तर पार्श्वभूमीही चढेल. एटीजीएलचा एसआयआरएनए (त्याची निर्मिती दाबणारा आरएनए) दिलेल्या पेशी सोबत ठेवा; तिथेही हिरवं तेवढंच दिसलं तर ते एटीजीएल नव्हे. अँटिबॉडीची बाटली उजेड लागू नये म्हणून फॉइलमध्ये, ४ अंशांवर. गोठवू नका.