शोध व बचाव मोहिमेत खासगी फोर बाय फोर गाडीचा उपयोग किती?

रानवाट : माझ्याकडे फोर बाय फोर गाडी आहे आणि निर्मनुष्य, कच्च्या मुलुखात ती चालवण्याचा बऱ्यापैकी सराव आहे. दुर्गम भागात बेपत्ता झालेल्यांचा शोध घेणाऱ्या स्वयंसेवी पथकात सामील व्हावे, असे मनात आहे. मात्र माणूस शोधायचा तर बहुतेक वेळा पायीच फिरावे लागणार. मग गाडीला नेमके कोणते काम दिले जाते? विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र) बसवण्यावर खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

मागकरी : आपली शंका रास्त आहे. झुडपाआड पडलेला माणूस चालत्या गाडीतून सहसा दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात त्याची हाकही ऐकू येत नाही. तरीही सुरुवातीच्या तासांत गाड्या लागतातच, कारण हरवलेली व्यक्ती चालत राहिली तर शोधाचे क्षेत्र झपाट्याने फुगते. ती दुप्पट अंतरावर पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली की क्षेत्र चौपट होते. म्हणून ती शेवटची कोठे दिसली हे कळताच भोवतालचे रस्ते, पूल आणि वाटांचे फाटे येथे गाड्या उभ्या करून घेर बांधला जातो. अशा नाक्यावर रात्रभर नुसते बसून राहणे नव्या उत्साही चालकांना फार जड जाते, पण गाडीचे सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते.

दुसरे काम माग काढण्याचे. धुळीच्या वाटेवरून गाडीमागे जुने टायर फरफटत नेऊन माती सारखी करतात आणि काही तासांनी तीच वाट पुन्हा तपासतात. ताजे पाऊल उमटलेले असेल तर कोणीतरी ती वाट ओलांडली हे दिशेसकट कळते. सूर्य कललेला असताना ठशांची सावली लांब पडते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची तपासणी अधिक फलदायी ठरते. ठसे न पाहता त्यांवरून गाडी घालणारा मदतनीस मात्र नसलेला बरा. ठरलेल्या वेळी सर्व गाड्यांनी भोंगा वाजवून इंजिन बंद करायचे आणि शांतपणे कान द्यायचा, ही शिस्तही पाळावी लागते.

घाटमाथा : विंचच्या आधी हवेचा कॉम्प्रेसर आणि दाबमापक घ्यावेत, असे मी सुचवीन. मऊ वाळूत टायरचा दाब १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवला की जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि गाडी रुतत नाही; पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी, अन्यथा टायर तापून फाटू शकतो. रुतलेली गाडी ओढताना पट्टा टो बॉलला (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे असलेल्या गोळ्याला) कधीही अडकवू नये. तो गोळा तुटून सुटल्याने माणसे दगावली आहेत.

आणखी एक काम कोणी फारसे सांगत नाही. व्हीएचएफ वायरलेसच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत, त्यामुळे उंच धारेवर गाडी उभी करून तिच्यातून दोन्ही बाजूंचे निरोप पुढे पोहोचवावे लागतात. मोहिमेचा सारा समन्वय अनेकदा त्या एका गाडीवर अवलंबून असतो.

रानवाट : सविस्तर उत्तरांबद्दल आभार. निरोपातून अक्षांश-रेखांश मिळाले, तर थेट त्या ठिकाणी निघावे का?

मागकरी : निरोप आधी नियंत्रण केंद्राकडे द्यावा आणि आकडे कोणत्या पद्धतीत आहेत ते विचारून घ्यावे. दशांश पद्धतीतील ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटे (एका अंशाची ६० मिनिटे); तोच आकडा ३० मिनिटे असा वाचला गेला, तर अक्षांशात १२ मिनिटांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची चूक होते. केंद्राने सोपवलेल्या कामाविना स्वतःहून कोठेही जाऊ नये, कारण मग आपला ठावठिकाणा ठेवण्याचे कामही त्यांच्यावरच येऊन पडते.

प्रथमोपचार : माणूस सापडल्यानंतरचा एक मुद्दा जोडतो. गाडी जवळ आहे म्हणून त्याला लगेच मागच्या आसनावर घालून निघू नये. पाठीच्या कण्याला इजा झाली असण्याची शक्यता असते. शिवाय शरीर अतिशय गारठले असेल, तर खडबडीत वाटेवरच्या धक्क्यांनी हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. त्याला आडवे ठेवावे, वाऱ्यापासून आडोसा करावा, जमिनीच्या गारव्यापासून वाचवण्यासाठी अंगाखाली जाड थर घालावा आणि कसे हलवायचे याचा निर्णय पथकातील वैद्यकीय प्रशिक्षिताकडे सोपवावा. अनेकदा तो गाडीऐवजी स्ट्रेचर किंवा हेलिकॉप्टरची वाट पाहायला सांगतो आणि त्या वेळी चालकाने वाद घालू नये.