जुन्या चाळीचे सिमेंटचे पत्रे: नीट उतरवायला खोलीमागे ९,००० रुपये जास्त द्यायचे का?

पूर्वेकडचा
आमची चाळ जोगेश्वरी पूर्वेला. तळमजला अधिक एक, वीस खोल्या, १९७४ चं बांधकाम. वर अजून तेव्हाचेच सिमेंटचे पत्रे आहेत. आपण त्यांना सिमेंटचे म्हणतो, पण सिमेंटला बळकटी यावी म्हणून त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात, वजनाने साधारण दहा टक्के. एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेतला. क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस निघाला.

पत्रे आता गळतात. पावसाळ्याआधी बदलायचेच, यावर सगळ्यांचं एकमत आहे. वाद आहे तो उतरवण्याच्या खर्चावर. एका ठेकेदाराने ३०,००० सांगितले, दुसऱ्याने २,१०,०००. नव्या रंगीत लोखंडी पत्र्यांचा खर्च दोघांकडे सारखाच आहे. म्हणजे फरक १,८०,००० चा, खोलीमागे ९,०००.

३०,००० वाला काय करणार ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये शेजारच्या चाळीचे पत्रे असेच उतरवले. गंजलेले बोल्ट सुटेनात, म्हणून पोरांनी ग्राइंडरने पत्रेच कापले आणि तुकडे वरून खाली फेकले. वाळत घातलेल्या कपड्यांवर पिठासारखी भुकटी बसली होती. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. उरलेल्या तुकड्यांचा गल्लीतल्या खड्ड्यांत भराव घातला, तो अजून तिथेच आहे. पोरांच्या तोंडाला फक्त रुमाल होते.

मी चाळीचा खजिनदार आहे आणि माझं मत २,१०,००० च्या बाजूने आहे. रविवारी सभा आहे. विरोधी मतं मोकळेपणाने सांगा, मला ती ऐकायची आहेत.

चाळकरी_५६
विरोधी मत माझं. आयुष्यातली चाळीस वर्षं मी अशाच पत्र्याखाली काढली. आई त्याच पत्र्याखाली नव्वदीपर्यंत जगली. आमच्या चाळीत छातीच्या विकाराने गेलेलं कोणी मला आठवत नाही. पत्रा शाबूत असला तर तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात, हे शास्त्रच आहे ना? इंग्लंडमध्ये १९९९ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, पण तिथेसुद्धा चांगल्या स्थितीतला पत्रा हलवू नका, नुसतं लक्ष ठेवा असंच सांगतात. मग उतरवायचेच कशाला? भेगा बुजवा, वरून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा आणि पाच वर्षं काढा. तोवर पुनर्विकास येईल.

दुसरी गोष्ट. हाच पत्रा आजही आपल्या देशात उघड विकला जातो. १९८६ पासून इथे ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने नाहीत, पण परदेशातून आणून पत्रे करायला मोकळीक आहे. सरकारलाच तो चालतो, तर वीस बिऱ्हाडांनी त्यासाठी लाखाच्या वर का घालवायचे? आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांचा विचार करा.

पूर्वेकडचा
काका, शाबूत पत्र्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पत्रे दहा-पंधरा वर्षांचे असते तर मीही रंगच मारा म्हटलं असतं. पण आमचे पत्रे पन्नास पावसाळे खाल्लेले आहेत. वरचं सिमेंट झिजून हात लावला तर केसाळ लागतंय. पन्हळीत साचलेला गाळसुद्धा त्याचाच. आणि रंग बसायचा तर आधी शेवाळ काढावं लागणार, म्हणजे तारेच्या ब्रशने घासणं नाहीतर जोराच्या पाण्याने धुणं. दोन्हींत तेच तंतू सुटतात. रंगाचे पैसे देऊन धूळ विकत घेतल्यासारखं होईल.

सुलभा_त
चाळीत कोणी गेलं नाही, यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील सिमेंटचे पाइप करणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षं कामाला होते. संध्याकाळी आले की आई दारातच त्यांचा शर्ट झटकायची. निवृत्तीनंतर तब्बल अकरा वर्षांनी त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. आधी दमा म्हणून औषधं दिली. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हे नाव कळायला आणखी तीन वर्षं गेली. हा आजार कायद्याने व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, पण कागद गोळा करता करताच ते गेले.

ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तर वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. शेजारच्या चाळीत त्या दिवशी कापायला बसलेली पोरं विशीतली असतील, तर त्यांचं काय झालं ते २०५० च्या सुमारास कळेल, तेही कोणी विचारलं तर. तेव्हा ती कुठे असतील हे चाळीतल्या कोणाला माहीत असणार? काका, तुमच्या आई नव्वदीपर्यंत जगल्या याचा आनंदच आहे. पण त्या पत्र्याखाली राहत होत्या, पत्रा कापत नव्हत्या.

साईटवरचा
वीस वर्षं पत्र्यांची कामं करतोय, म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो. ३०,००० मध्ये हे काम नीट होणं शक्य नाही. पण २,१०,००० सुद्धा आंधळेपणाने देऊ नका. आधी खर्चाची फोड मागा, कशाचे किती ते.

तुमच्या छपराला दहा फुटी पंच्याऐंशीएक पत्रे असतील. एक पत्रा चाळीस किलोच्या वर, म्हणजे एकूण साडेतीन टन माल. पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, जोराचा फवारा नाही, हळू. बोल्ट गंजलेला असेल तर बोल्ट कापायचा, पत्रा कापायचा नाही. अख्खा पत्रा दोघांनी दोराने खाली सोडायचा. खाली जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावायची आणि वर ठळक लिहायचं. झाडू बिलकूल मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकीही त्याच गुंडाळ्यात टाकायची. माणसाला अंगभर टाकाऊ सूट आणि तोंडाला घट्ट बसणारा पी-३ फिल्टरचा मास्क. रुमाल किंवा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही.

आणि ज्याबद्दल इथे कोणी बोललं नाही ती गोष्ट. जुन्या पत्र्यावर पाय ठेवला की तो खचतो आणि माणूस थेट खाली. आमच्या धंद्यात या पडण्याने माणसं मरतात, त्यासाठी वीस वर्षं थांबावं लागत नाही. फळ्या टाकूनच चालायचं, खाली जाळी, कमरेला पट्टा. तुमच्या फरकातला मोठा भाग याच मजुरीचा आणि वेळेचा आहे. दोन दिवसांचं काम सहा दिवस चालतं.

नाक्यावरची
सगळं पटतंय, तरी माझा विरोध आहे. मी दोन घरी स्वयंपाक करते. ९,००० ही माझी जवळजवळ महिन्याची कमाई आहे. नव्या पत्र्यांची वर्गणी वेगळीच. माझ्या खोलीत एकटी मी कमावती. चाळीत अशा चार-पाच जणी आहोत, सभेत आम्ही बोलत नाही म्हणून कोणाला दिसत नाही. धोका सगळ्यांचा आहे हे मान्य, पण मग महापालिका राडारोडा न्यायला गाडी पाठवते ना, तिला का नाही बोलवायचं? प्रत्येक वेळी आमच्याच खिशात हात का?

साईटवरचा
ताई, ती गाडी साध्या राडारोड्यासाठी आहे. तो माल दहिसरला किंवा शिळफाट्याला दळून त्याची खडी-वाळू करतात. त्यात हे पत्रे गेले तर दळताना किती धूळ उडेल आणि ती कोण गिळेल, विचार करा. हा माल तळोज्याला घातक कचऱ्याची विल्हेवाट लागते तिथे गेला पाहिजे.

पूर्वेकडचा
ताई, तुमचं लिहिणं वाचून मी वर मांडलेला हिशोब चुकला हे लक्षात आलं. खोलीमागे सारखे ९,००० हा सोपा भागाकार होता, न्याय्य नव्हता. दुरुस्ती निधीत ७०,००० च्या आसपास शिल्लक आहे. ते आधी यात घालावे, उरलेल्यापैकी ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्या सहा मालकांनी जास्त उचलावे आणि बाकीच्यांना वर्षभर हप्ते द्यावे, असा ठराव मी स्वतः मांडतो. भाडं घेताना छप्पर त्यांचं असतं, मग उतरवतानाही त्यांचंच असायला हवं.

ठेकेदाराकडे फोड मागितली आहे. त्याने प्रवास आणि विल्हेवाटीला एकच गोळा आकडा लावलाय, तो सुटा करून घेतो.

चाळकरी_५६
कापणाऱ्या पोरांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, हे मान्य करतो. सुलभाताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी पैशाबाबत माझी शंका तशीच आहे. गिरगावात आम्ही एकदा असाच जास्तीचा पैसा दिला होता. माल ठरल्या जागी नेतो म्हणणारा टेम्पो रात्री खाडीच्या कडेला रिकामा झाला. तुम्ही दोन लाख द्याल, पत्रे छान गुंडाळले जातील आणि शेवटी कुठल्या तरी खारफुटीत पडतील.

माल तळोज्यात पोहोचल्याची वजनाची पावती, साडेतीन टनांची, हातात आल्याशिवाय शेवटचे ५०,००० द्यायचे नाहीत, असं करारात लिहून घेणार असाल तर माझा विरोध मागे घेतो. नाहीतर नाही.

पूर्वेकडचा
लिहून घेतो, काका. आणि गाडीबरोबर चाळीतला एक माणूस तळोज्यापर्यंत जाईल. कोणीच तयार झालं नाही तर मी रजा टाकून जाईन.

सुलभा_त
शेजारच्या गल्लीतल्या भरावाचं काय करणार? मुलं अजून तिथेच खेळतात ना?

पूर्वेकडचा
हो, तिथेच. तो रविवारच्या विषयपत्रिकेत नव्हता. आता घालतो.