मामा म्हणतात माळढोक बघितला, खरं-खोटं कसं करायचं?

माळावरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, मी मूळचा उत्तर सोलापूर तालुक्यातला, सध्या पुण्यात नोकरी. दिवाळीला गावी गेलो तर मामा म्हणाले शेताच्या वरच्या अंगाला जो पडीक माळ आहे तिथं सकाळी सकाळी माळढोक बघितला, एकटाच चालत होता, हे बैलं घेऊन पुढं गेले तसा उडाला. मामा सत्तरीचे, त्यांच्या तरुणपणी हे पक्षी ज्वारीच्या रानात चरायचे आणि कुणाला नवल नसायचं, त्यामुळं माणूस ओळखण्यात चुकेल असं वाटत नाही. पण आता सगळे म्हणतात आपल्याकडचा संपला. फोटो नाही, काही नाही. शोधायचं तर सुरुवात कुठून करू? मित्राकडे ड्रोन आहे, तो उडवला तर चालेल का?

गवतकाडी:
ड्रोन अजिबात नको भाऊ! पक्षी असलाच तर बिथरून माळ सोडेल, आणि माळढोक अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय असलं काही केलंत तर तुमच्यावरच केस होईल, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधला पक्षी आहे हा.

आधी मामांना फोटो न दाखवता विचारा. "मान पांढरी होती का" असं विचारू नका, "मान कशी होती" असं विचारा. नाहीतर माणूस हो हो म्हणत जातो. दहातल्या नऊ वेळा ती लांडोर निघते, लांबून मान वर करून चालली की भलेभले फसतात. लांडोरीला तुरा आणि गळ्याला हिरवट झाक, माळढोकाच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखं काळं, मान पांढरट आणि उडताना ती पुढं ताणलेली, पंख सावकाश आणि जड चालतात. मादी असेल तर छातीवरचा काळा पट्टा पुसट किंवा नसतोच, म्हणून पट्टा दिसला नाही यावरून काही ठरवू नका.

जायचं ते उजाडायच्या आधी, एका जागी बसून दुर्बिणीनं, माळभर तुडवत फिरायचं नाही. जमीन ओली असेल तिथं पायाचे ठसे बघा, फक्त तीन बोटं, तीही पुढची, मागं बोटच नसतं. आणि काही दिसलं नाही तर तेही लिहून ठेवा, तारीख, वेळ, किती तास बसलात. हे कुणी करत नाही आणि मग दहा वर्षांनी "होता की नव्हता" यावर भांडणं.

जुना_सोलापूरकर:
वाचून पोटात काहीतरी हललं राव. नान्नजच्या अभयारण्यातल्या मचाणावरून पावसाळ्यात नर बघितलाय मी, गळ्याची पिशवी फुगवून लोंबत सोडलेली, शेपूट वर, आणि तो हूम्म असा आवाज, कानापेक्षा छातीत जास्त वाजतो. उगाच नाही काही भागात लोक त्याला हूमच म्हणतात.

आमच्या पक्षीप्रेमी बी. एस. कुलकर्णी सरांनी ७०च्या दशकात इथले माळढोक जगापुढं आणले, १९७९ला अभयारण्य झालं तेही ८४९६ चौ.किमी.चं, म्हणजे गावंच्या गावं आत. जमीन विकायची तर अडचण, रस्ता करायचा तर अडचण, लोक पक्ष्यावरच चिडले. पुढं ते १२२२ वर आणलं, पण तोवर उजनीचं पाणी, बोअर, ऊस, द्राक्षबागा, माळ राहिलाय कुठं? वर्षाला एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, मोकाट कुत्र्यांनी खाल्लं की संपलं वर्ष. आणि विजेच्या तारा. पंधरा किलोपर्यंतचं धूड, डोळे बाजूला, समोरचं नीट दिसत नाही, दिसलं तरी ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थानातही याच तारांनी मारले.

शंकासुर:
मला कुणाचा अपमान करायचा नाही पण मामांना माळढोक कसा असतो हे आधीच माहितीय ना? मग ते वर्णन करणार ते आठवणीतल्या पक्ष्याचं की त्या सकाळच्या? न दाखवता विचारलं तरी तोच घोळ.

गवतकाडी:
@शंकासुर मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच दिसण्यापेक्षा वागणं विचारायचं. किती अंतरावर उठला, किती पावलं धावला, कुठल्या बाजूला गेला. आणि @पोरगा, गावाचं नाव इथं लिहू नकोस हं, फोटोवाल्यांच्या गाड्या लागतील उद्या. वनखात्याला मात्र कळव, मनुष्यबळ त्यांच्याकडं आहे. हा पक्षी फिरता असतो, एका माळावर नाही म्हणजे तालुक्यात नाही असं होत नाही.

माळावरचा_पोरगा:
अपडेट. सुट्टी टाकून तीन सकाळी बसलो, पहिल्या दिवशी साडेतीन तास, मग तीन-तीन. टिटव्या, चंडोल, एक भोवत्या (शिकारी पक्षी), पाच काळविटं, लांबून एक लांडगा. लांडोर एकही नाही, मामांनी हे मला तीनदा ऐकवलं. माळढोक नाही. पायाचे ठसे नाहीत, जमीन दगडासारखी वाळलीय.

मामांना विचारलं किती धावला. म्हणाले, "लई नाही, आठ-धा पावलं, मग उचलला, आन् तारंच्या खालनं गेला." तारेचं मी काहीच विचारलं नव्हतं. जागेवर नेलं तर खरंच तिथून लाईन गेलीय, तीन खांबांखालून चालत जाऊन बघितलं, पिसं-बिसं काही सापडलं नाही, बरंच झालं. गार्डला फोन केलाय, सोमवारी येतो म्हणाले. मामांनी तोवर शेजाऱ्याची मेंढरं त्या माळावर येऊ द्यायची नाहीत असं स्वतःच ठरवून टाकलंय आणि त्यावरून आता भांडण सुरू आहे.