मदत हवी आहे: दूध बंद करूनही गॅसचा वास जात नाही, आधी कोणती टेस्ट करू?
दिवसाला 10-20 वेळा गॅस सरणं नॉर्मल, हे माहीत आहे. माझी अडचण संख्येची नाही, वासाची. दुपारनंतर पोट तट्ट फुगतं, गुडगुडतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. (लिफ्ट टाळून जिने चढतो, यावरून समजा!) दूध बंद केल्यावर फुगणं बरंच कमी झालं, वास मात्र जसाच्या तसा. कांदा-लसूण, कडधान्यं कमी करूनही फरक नाही. वजन घटलेलं नाही, शौचातून रक्त नाही, कुठलंही औषध चालू नाही. चूर्णं सुचवू नका, घेऊन झाली. हायड्रोजन ब्रेथ टेस्ट (श्वासातला हायड्रोजन मोजतात ती) लॅक्टोजसाठी, म्हणजे दुधातली साखर पचते का ते बघायला असते, तशीच लहान आतड्यातल्या जिवाणूंच्या अतिवाढीसाठीही असते. दोन्ही केलेलं कोणी आहे का? आधी कोणती करावी, आणि आदल्या दिवशी खाण्यात काय चालतं?