'राजधानी', 'पेठ', 'कोट': लंडन नसतं तर?

जरतरवाला: अँग्लो-सॅक्सन (1066 च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या) इंग्लंडवर जर-तरचा इतिहास लिहितोय. सत्ता आणि व्यापार लंडनला न जाता दक्षिणेकडच्या विंचेस्टर आणि हॅमविकलाच (आजच्या साउथॅम्प्टनच्या जागची व्यापारी वस्ती) राहिले, अशी कल्पना आहे. विंचेस्टरला 'राजधानी' म्हणावं का? आणि हॅमविक, लुंडनविक यांतल्या 'विक'ला काय म्हणाल? 'बंदर' लिहून पाहिलं, जमत नाही.

बोरू: 'राजधानी' टाळा. 'धानी' म्हणजे ठेवायची जागा, आणि हे राजे एका जागी राहतच नव्हते. लवाजमा घेऊन या वाड्यावरून त्या वाड्यावर. मर्सिया राज्याचा राजा ऑफा टॅमवर्थला बरेचदा असे, पण कारभार तो असेल तिथून चाले. विंचेस्टरला बिशप होता, वेसेक्स राज्याच्या काही राजांच्या समाध्या होत्या. 'गादीचं ठिकाण' म्हणा.

उंबरठा: 'विक'ला 'पेठ'च. बंदर म्हटलं की नुसता धक्का डोळ्यांपुढे येतो. हॅमविक म्हणजे इचेन नदीकाठची आखीव रस्त्यांची, कारागिरांची वस्ती. लुंडनविक तर रोमन तटाच्या बाहेर पश्चिमेला, आजच्या स्ट्रँड-कोव्हेंट गार्डन भागात. तिथल्या 'ऑल्डविच' नावाचा अर्थच 'जुनी पेठ'! राजा एकीकडे, माल दुसरीकडे हे आपल्याला नवं नाही: महाराज रायगडावर, गलबतं राजापूरला.

जरतरवाला: पटलं. पण 886 मध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेडने लंडन पुन्हा तटाच्या आत वसवलं, त्याला? 'किल्ला'?

बोरू: छे, किल्ला म्हटलं की शिबंदी आणि तोफा. आल्फ्रेडच्या अशा तटबंद गावांना 'बर्ह' म्हणत; त्यांत घरं होती, बाजार होता, काही ठिकाणी टांकसाळही. 'कोट' बरा.

आता शब्द सोडून जरा गोष्टीबद्दल. नवव्या शतकात व्हायकिंगांनी दोन्ही पेठा झोडपल्या, कारण त्या उघड्या होत्या. हॅमविक टिकवायचं तर त्याला आधी तट घाला. तरीही लंडन आड येणारच. टेम्सचं मुख ऱ्हाईनच्या मुखासमोर, आणि रोमन रस्ते लंडनला मिळतात. 1018 मध्ये इंग्लंडचा डॅनिश राजा कनूटने देशाकडून 72,000 पौंड वसूल केले, त्यावर एकट्या लंडनकडून 10,500. असं गिऱ्हाईक भूगोल बदलल्याशिवाय हटत नाही.

उंबरठा: उलट गादी बऱ्याच अंशी विंचेस्टरलाच होती की! कनूटला 1035 मध्ये तिथेच पुरलं, आणि 1066 च्या नॉर्मन विजयानंतरही खजिना काही काळ तिथेच होता. म्हणजे 'गादी विंचेस्टरला, पेठ लंडनला' हा जर-तर नाही, बव्हंशी घडलेलाच इतिहास आहे. फाटा फोडायचा तर कनूटनंतरच्या एडवर्ड (द कन्फेसर) राजापाशी फोडा. त्याने वेस्टमिन्स्टरला मठ आणि वाडा बांधला, डिसेंबर 1065 मध्ये मठाच्या चर्चचं अर्पण झालं, आणि गादी पेठेशेजारी येऊन बसली. तोच खर्च त्याने विंचेस्टरला केला असता तर?

जरतरवाला: मग आल्फ्रेडचं प्रकरण मागे, एडवर्ड पुढे. 'पेठ' वाचून लोकांना पुणं आठवेल एवढीच भीती.

बोरू: आठवू दे. वार जोडू नका म्हणजे झालं.